दादरला, दादरमध्ये, दादरहून: इंग्रजीतले इन, ॲट, टू आणि फ्रॉम

नेहमीप्रमाणे हा त्या भागाचा लेखी अवतार. ऑडिओमध्ये डबा आणि चमचा वाजवून ज्या गोष्टी सांगितल्या, त्या इथे शब्दांत मांडल्या आहेत. वाक्यं थोडी सावरली आहेत, बाकी बोलणं तेच.

विषय आहे इंग्रजीतले जागा आणि दिशा दाखवणारे छोटे शब्द. 'इन', 'ऑन', 'ॲट', 'टू', 'इनटू', 'फ्रॉम' आणि त्यांची भावंडं. हा विषय घ्यायचं कारण एका श्रोत्याची मेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तो लिहितो की ग्रुप डिस्कशनमध्ये मुद्दा सुचतो, पण 'इन' म्हणू की 'ॲट' म्हणू यात मी अडकतो आणि तोवर दुसरा कुणीतरी तोच मुद्दा बोलून मोकळा होतो. 'एक यादी द्या ना ताई, पाठ करतो,' असं शेवटी लिहिलंय.

यादी मी देणार नाही. एक तर अशा याद्या शंभर ठिकाणी मिळतात, आणि त्या पाठ करूनही माणूस तिथेच अडकतो. दुसरं म्हणजे त्या यादीत सगळे शब्द एकाच वजनाचे असल्यासारखे एकाखाली एक बसलेले असतात. तसे ते नाहीत. 'आय ॲम इन द बस' म्हणालात तर समोरच्याला तुम्ही बसमध्ये आहात हे पूर्ण कळतं. नोकरी त्यावर अडत नाही, निदान अडू नये. पण 'टू' आणि 'फ्रॉम' यांची अदलाबदल झाली, किंवा त्यांच्या जागी भलताच शब्द आला, तर वाक्य व्याकरणात बसूनही उलटी गोष्ट सांगतं. म्हणजे जागेचा शब्द चुकला तर कानाला खटकतं आणि दिशेचा चुकला तर काम चुकतं. अडकायचंच असेल तर दुसऱ्या ठिकाणी अडका. पहिल्या ठिकाणी बेधडक बोलून टाका.

आधी पहिलं ठिकाण बघू, कारण भीती तिथली जास्त असते.

फोनवर कुणी विचारलं 'कुठे आहेस?' तर आपण काय सांगतो? 'मुंबईत आहे. दादरला. सात नंबर प्लॅटफॉर्मवर उभी आहे.' आता हेच इंग्रजीत: 'इन मुंबई, ॲट दादर, ऑन प्लॅटफॉर्म सेव्हन.' बघा, 'त' गेला 'इन'कडे, 'ला' गेला 'ॲट'कडे, 'वर' गेला 'ऑन'कडे. एकही जोडी विस्कटली नाही. म्हणजे जो फरक आपल्याला इंग्रजीत अवघड वाटतो, तो आपण मराठीत रोज न शिकता करतो. मुंबई ही आपल्याला भोवताली पसरलेली वाटते, आपण तिच्या आत असतो, म्हणून 'त'. दादर हा त्या क्षणी नकाशावरचा एक ठिपका असतो, म्हणून 'ला'. प्लॅटफॉर्म ही पायाखालची फरशी, म्हणून 'वर'.

आणि गंमत म्हणजे तेच दादर डोळ्यांसमोर वेगळं आलं की आपला प्रत्ययही बदलतो. 'ती दादरमध्ये राहते' म्हणताना दादर ही वस्ती आहे, तिथे गल्ल्या आहेत, घरं आहेत, फुलबाजार आहे. 'गाडी दादरला थांबते' म्हणताना तो ठिपका आहे. इंग्रजीतही 'शी लिव्ह्ज इन दादर' आणि 'द ट्रेन स्टॉप्स ॲट दादर.' नियम शहर मोठं की लहान याचा नाही. शाळेत आम्हाला 'मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट' असं शिकवलं होतं, आणि तो नियम मला आजही अर्धवट वाटतो. पुण्याहून मुंबईमार्गे दुबईला जाणारी माणसं मुंबईत फक्त विमान बदलतात, तेव्हा एवढी मोठी मुंबईसुद्धा 'वी चेंज्ड प्लेन्स ॲट मुंबई' अशी ठिपका होऊ शकते. बोलणारा त्या जागेकडे कसा बघतोय, एवढंच ते आहे.

मग अडचण कुठे येते? जिथे दोन भाषा एकाच गोष्टीकडे वेगळ्या नजरेनं बघतात तिथे. त्या जागा मोजक्या आहेत.

बस आणि लोकल ही पहिली. आपण 'बसमध्ये', 'लोकलमध्ये' म्हणतो. इंग्रजी 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन' म्हणते, आणि मोटारीला, रिक्षाला मात्र 'इन द कार', 'इन ॲन ऑटो.' ज्यात तुम्ही उभे राहून चालू शकता ते वाहन 'ऑन', ज्यात वाकून शिरून बसावं लागतं ते 'इन', असं लक्षात ठेवलं तर बहुतेक वेळा जमतं. जहाज, विमान, बस, रेल्वे एका बाजूला. कार, टॅक्सी, रिक्षा दुसऱ्या बाजूला. सायकल आणि घोडा यांच्या आत शिरता येत नाही, त्यामुळे तिथे आपलंही 'वर' आणि त्यांचंही 'ऑन'.

झाड ही दुसरी. आपल्याला झाडावर आंबा आणि झाडावरच पोपट. इंग्रजीत आंबा 'ऑन द ट्री', कारण तो झाडाला लगडलेला आहे, आणि पोपट 'इन द ट्री', कारण तो फांद्या-पानांच्या पसाऱ्यात बसलेला आहे. मला हे बारीक निरीक्षण आवडतं, पण कुणी पोपट 'ऑन द ट्री' म्हणालं तर मी त्याला थांबवणार नाही.

शाळा, ऑफिस, दवाखाना ही तिसरी. आपण सरसकट 'त' लावतो. इंग्रजी विचारते की तुम्हाला इमारत म्हणायची आहे की तिथे चालणारं काम? मुलगा शाळेत आहे, म्हणजे शिकतोय, तर 'ॲट स्कूल.' शाळेत पाणी साचलंय, तर 'इन द स्कूल बिल्डिंग.' म्हणूनच कंपनीचं नाव आलं की 'आय वर्क ॲट' किंवा 'आय वर्क फॉर', आणि त्या कंपनीतल्या विभागाचं नाव आलं की 'इन', उदाहरणार्थ 'इन द पेमेंट्स टीम.' तिथेही अमेरिकन माणूस 'ऑन द टीम' म्हणेल आणि ब्रिटिश माणूस 'इन द टीम.' विकेंडला ब्रिटिश 'ॲट', अमेरिकन 'ऑन.' ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचंच यावर एकमत नाही, मग आपण मुलाखतीत घाम का पुसायचा?

आणि शेवटची जागा म्हणजे आपलं शरीर. इथे मराठी खरंच विचित्र आहे. आपण 'पायात चप्पल' म्हणतो. नीट विचार करा, चप्पल पायात असते की पाय चपलेत? अंगठी बोटात, बांगड्या हातात, शर्ट अंगात. घट्ट बसणारी, अडकणारी वस्तू असली की आपण 'त' वापरतो, मग आत कोण आणि बाहेर कोण याची पर्वा करत नाही. इंग्रजीला फक्त पृष्ठभाग दिसतो, म्हणून हे सगळं 'ऑन': 'रिंग ऑन द फिंगर', 'शूज ऑन माय फीट.' सूनजा चोई आणि मेलिसा बोवरमन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1991 साली इंग्रजी आणि कोरियन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कोरियनमध्ये घट्ट बसवण्यासाठी एक वेगळंच क्रियापद आहे, त्यामुळे अंगठी बोटात घालणं आणि पुस्तक त्याच्या खोक्यात चपखल बसवणं या दोन्हीला तिथे तेच एक क्रियापद चालतं. इंग्रजीत एकाला 'ऑन' लागतं, दुसऱ्याला 'इन.' आणि मुलं अगदी लहान वयातच आपापल्या भाषेच्या पद्धतीनं जगाची वाटणी करायला लागतात. म्हणून म्हणते, 'रिंग इन माय फिंगर' म्हणणाऱ्याला अक्कल नाही असं नसतं. त्याच्या भाषेनं जगाच्या फाळण्या वेगळ्या पाडल्यात, इतकंच.

जागेचं इतकं पुरे. आता दिशा.

इथे आपल्या भाषेची एक सवय आधी ओळखून घेऊ. 'मी पुण्याला असते' आणि 'मी पुण्याला जाते.' दोन्हीकडे 'ला'. 'तो घरी आहे' आणि 'तो घरी गेला', दोन्हीकडे 'घरी'. 'डबा पिशवीत आहे' आणि 'डबा पिशवीत ठेव', दोन्हीकडे 'त'. म्हणजे एखादी गोष्ट कुठे आहे आणि कुठे चालली आहे, हे मराठीत प्रत्ययावरून कळत नाही. ते क्रियापद सांगतं. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा त्या छोट्या शब्दाकडे असतं: असणं 'ॲट', जाणं 'टू'. असणं 'इन', शिरणं 'इनटू'.

लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषांची याच मुद्द्यावर विभागणी केली. हालचालीचा मार्ग कोण सांगतं, मुख्य क्रियापद की त्याच्याभोवतीचे छोटे शब्द? इंग्रजीचं वाक्य घ्या: 'शी रॅन आउट ऑव्ह द हाउस.' क्रियापद फक्त पळणं सांगतं. बाहेर येण्याची सगळी जबाबदारी 'आउट ऑव्ह'वर. मराठीत आपण म्हणतो 'ती घरातून पळत बाहेर आली' किंवा 'गेली'. पळणं झालं 'पळत', आणि मुख्य क्रियापद 'येणं' किंवा 'जाणं'. शिवाय आपल्याला ठरवावंच लागतं की बोलणारा घराबाहेर उभा आहे की घरात. इंग्रजी वाक्यात ते कळतच नाही. (ऑफ आणि ऑव्ह हे दोन वेगळे शब्द आहेत बरं का. एक 'एफ'चा आणि दुसरा 'व्ही'सारखा उच्चारायचा. आपण दोघांनाही 'ऑफ' म्हणतो आणि मग लिहितानाही गोंधळ होतो.)

याचा परिणाम असा की इंग्रजीत 'ही रॅन इन द पार्क' म्हणजे तो बागेतल्या बागेत पळत होता, आणि 'ही रॅन इनटू द पार्क' म्हणजे तो बाहेरून पळत बागेत शिरला. एका अक्षराच्या फरकानं माणूस फाटकाच्या आत किंवा बाहेर. आपल्याला 'बागेत पळाला' यात दोन्ही ऐकू येतात, म्हणून तो फरक जाणवतच नाही.

उलट बाजूलाही एक घोळ आहे. काही इंग्रजी क्रियापदांच्या पोटातच दिशा असते, आणि आपण 'ला' आणि 'त'च्या सवयीनं वर आणखी एक शब्द चिकटवतो. 'पुण्याला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे.' 'खोलीत शिरलो' म्हणून 'एन्टर्ड इनटू द रूम.' 'रीच' आणि 'एन्टर' यांना काही नको असतं, सरळ 'रीच्ड पुणे', 'एन्टर्ड द रूम.' 'अराइव्ह'ला मात्र काहीतरी लागतं, पण ते 'टू' नव्हे. 'अराइव्ह्ड इन पुणे' किंवा 'अराइव्ह्ड ॲट द स्टेशन', कारण इंग्रजीच्या नजरेत पोहोचलेला माणूस आता तिथे 'आहे'. प्रवास संपला.

'गो होम'मध्ये 'टू' का नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. याचं उत्तर मराठीतच आहे. 'मी घरीला गेले' असं कुणी म्हणतं का? नाही, कारण 'घरी'मध्ये सप्तमीचा 'ई' आधीच बसलेला आहे, वर 'ला' कशाला? इंग्रजीतला 'होम' तिथे तसाच वागतो, त्याच्या पोटात 'घराकडे' आहे. 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड' हेही त्याच जातीचे. मात्र 'टू माय हाउस' म्हणताना 'टू' हवाच, जसं आपण 'माझ्या घराला' किंवा 'घराकडे' म्हणतो.

जुन्या इंग्रजीत तर 'कुठे', 'कुठे जायला' आणि 'कुठून' यांना तीन वेगळे शब्द होते: 'व्हेअर', 'व्हिदर' आणि 'व्हेन्स'. आज 'व्हिदर' आणि 'व्हेन्स' फक्त जुन्या पुस्तकांत किंवा कुणी मुद्दाम थाटात बोलत असेल तर सापडतात. आपल्याकडे 'कुठून' अजून ठणठणीत आहे. तो पुढे लागणार आहे.

आता आपण 'ऊन'कडे येऊ. शाळेत पंचमीचे प्रत्यय 'ऊन, हून' घोकले होते ना, तेच. माझ्या मते मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे, कारण आपला हा एक प्रत्यय इंग्रजीत जवळपास सहा-सात शब्दांत फुटतो.

पाकीट खिशातून काढलं: 'आउट ऑव्ह द पॉकेट.' पाकीट टेबलावरून पडलं: 'ऑफ द टेबल.' गाडी बोगद्यातून गेली: 'थ्रू द टनेल.' गाडी पुलावरून गेली: 'ओव्हर द ब्रिज' किंवा 'अक्रॉस द ब्रिज.' आम्ही नदीकाठावरून चालत गेलो: 'अलाँग द रिव्हर.' पुण्याहून आलो: 'फ्रॉम पुणे.' लोणावळ्यावरून आलो, म्हणजे मध्ये लोणावळा लागलं: 'व्हाया लोणावळा.' आपल्याकडे सगळीकडे 'ऊन' किंवा 'हून', आणि त्याच्या आधी 'त' किंवा 'वर'. म्हणजे आपण दोन तुकडे जोडतो. आधी जागा सांगतो, आत की वर, आणि मग 'तिथून' असं म्हणतो. इंग्रजी प्रत्येक जोडीला तयार शब्द देते. खरं तर आपली पद्धत जास्त नीटनेटकी आहे, पण आपल्याला शिकायची आहे ती त्यांची.

यात एक उपयोगी प्रश्न आहे. 'ऊन' वापरताना ती जागा सुरुवात आहे की वाट? बोगदा ही वाट आहे, आत शिरलात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलात, म्हणून 'थ्रू'. खिसा ही सुरुवात आहे, पाकीट आधी आतच होतं, म्हणून 'आउट ऑव्ह'. टेबल ही सुरुवात आहे, पण वस्तू वर होती, म्हणून 'ऑफ'. पूल ही वाट आहे आणि तुम्ही वरून गेलात, म्हणून 'ओव्हर' किंवा 'अक्रॉस'. वाट की सुरुवात, आणि आत की वर. या दोन प्रश्नांत बहुतेक उत्तरं मिळतात.

कधी कधी मराठीत क्रियापद बदललं की वाटेची सुरुवात होते. 'मांजर पलंगाखालून आलं' म्हणजे ते पलंगाखाली बसलं होतं आणि आता बाहेर आलं, 'फ्रॉम अंडर द बेड.' 'मांजर पलंगाखालून गेलं' म्हणजे इकडून शिरलं आणि तिकडून निघालं, नुसतं 'अंडर द बेड.' आणि 'मी पुण्यातून बीटेक केलं' हे आपलं आणखी एक लाडकं वाक्य. त्यातूनच 'आय डिड माय बीटेक फ्रॉम पुणे' येतं. भारतात ते इतकं सर्रास चालतं की कुणी भुवई उंचावत नाही. बाहेर मात्र 'डिड' असेल तर 'ॲट' किंवा 'इन', आणि 'ग्रॅज्युएटेड' असेल तर 'फ्रॉम'. कारण पदवी घेऊन तुम्ही बाहेर पडलात, आणि बाहेर पडणं म्हणजे 'फ्रॉम'.

'वर'चा एक वेगळा सापळा आहे, तो इथेच सांगून टाकते. 'माझ्यावर हसू नकोस', 'कुत्रा माझ्यावर भुंकला', 'सर त्याच्यावर ओरडले', 'दगड त्याच्यावर फेकला.' हे 'वर' म्हणजे कुणाच्या डोक्यावर काही ठेवलेलं नाही. हे नेम धरणं आहे. इंग्रजीत नेमाला 'ॲट' असतो: 'लाफ ॲट', 'बार्क ॲट', 'शाउट ॲट', 'थ्रो ॲट.' 'लाफ ऑन मी' तिथूनच येतं. आणि 'थ्रो ॲट हिम' व 'थ्रो टू हिम' यांत चांगलाच फरक आहे. 'टू' म्हणजे त्यानं झेलावा म्हणून चेंडू टाकला, 'ॲट' म्हणजे त्याला लागावा म्हणून मारला. तसंच 'टू' आणि 'टुवर्ड्स'. 'पुण्याला गेला' म्हणजे पोहोचला, 'पुण्याकडे निघाला' म्हणजे पोहोचेलच असं काही नाही.

आता कामाकडे. सुरुवातीला म्हटलं की दिशेचा शब्द चुकला की काम चुकतं, त्याचं उदाहरण आमच्याच धंद्यातलं देते, कारण आमच्याकडे दिवसभर एका ठिकाणचं उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणं चालतं.

मी आधी जिथे काम करायचे तिथे रात्रपाळीची एक नोंद असायची. एका शिफ्टनं दुसरीसाठी लिहून ठेवायचं. एकदा नोंदीत वाक्य होतं: 'सिंक टेस्ट डेटाबेस विथ लाइव्ह.' व्याकरण शुद्ध आहे, कुठल्याही इंग्रजीच्या बाईंनी लाल शाई लावली नसती. पण दिशा सांगा. टेस्टमधला डेटा लाइव्हवर टाकायचा की लाइव्हचा टेस्टवर? एकात टेस्टची जुनी माहिती पुसली जाते, रोजची गोष्ट. दुसऱ्यात ग्राहकांची खरी माहिती जाते आणि तिच्या जागी आमची 'एबीसी एक्सवायझेड' अशी खोटी नावं येतात. रात्रपाळीला आलेला मुलगा नवीन होता, जळगावकडचा. त्यानं काहीही न दाबता नोंद लिहिणाऱ्याला झोपेतून उठवलं आणि मराठीतच विचारलं, 'दादा, कुठून कुठे?' उत्तर मिळालं 'लाइव्हवरून टेस्टवर', आणि मग त्यानं काम केलं. दुसऱ्या दिवशी काही जणांनी त्याला 'एवढं इंग्रजी कळत नाही का' म्हणून चिडवलं. माझ्या मते त्या खोलीत इंग्रजी सगळ्यात नीट त्यालाच कळलं होतं. 'विथ'मध्ये दिशा नसते, हे त्यानं ओळखलं.

तेव्हापासून 'कुठून कुठे' हा माझा नियम झाला. लिहिलेल्या वाक्याला हा प्रश्न विचारायचा आणि दोन्ही उत्तरं त्या वाक्यात सापडली पाहिजेत. 'कुठून'साठी 'फ्रॉम', 'कुठे'साठी 'टू' किंवा 'इनटू'. 'सिंक विथ', 'कॉपी ऑन', 'अपडेट इन' यांत एक उत्तर गायब असतं. 'कॉपी द फाइल फ्रॉम सर्व्हर वन टू सर्व्हर टू' यात दोन्ही असतात. वाक्य लांब होतं, होऊ दे.

गिटहबवर कुणी बदल पाठवला की पानावर काय येतं आठवा: 'वाँट्स टू मर्ज थ्री कमिट्स इनटू मेन फ्रॉम फीचर.' 'इनटू' पण आहे, 'फ्रॉम' पण आहे. तिथे दोन्ही शब्द उगाच नाहीत. 'मर्ज मेन अँड फीचर' एवढंच लिहिलं असतं तर कुठली फांदी बदलणार हे कळलंच नसतं.

एसक्यूएल शिकलेल्यांना तर हे हात न लावता येतं. त्या भाषेचं 1974 सालचं पहिलं नाव सीक्वेल, म्हणजे 'स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज.' आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती बनवली, आणि हेतूच असा होता की ती साध्या इंग्रजीसारखी वाचता यावी. म्हणून 'इन्सर्ट इनटू', 'डिलीट फ्रॉम', 'सिलेक्ट फ्रॉम', 'जॉइन ऑन.' जे विद्यार्थी बोलताना 'पुट इट इन द टेबल' की 'इनटू द टेबल' यावर अडतात, त्यांनी 'इन्सर्ट इन' असं कधी लिहिलं आहे का? बोटांना बरोबर माहीत असतं. तोंडाला फक्त बोटांकडून शिकायचं आहे.

त्याहून जुनी कोबोल बघा, 1959-60 मध्ये आकाराला आलेली. तिच्यात 'मूव्ह ए टू बी', 'ॲड ए टू बी', 'सबट्रॅक्ट ए फ्रॉम बी' असं लिहितात. भागाकार तर फारच मजेदार: 'डिव्हाइड 3 इनटू 12' लिहिलं तर उत्तर 4. 'डिव्हाइड 12 बाय 3' लिहिलं तरी 4. 'इनटू' आणि 'बाय' बदलले की आकड्यांनी जागा बदलायची. आपल्याकडे शाळेत 'तीन इनटू चार' म्हणजे गुणाकार, बारा! तो 'इनटू' भारतातला. बाहेरच्या माणसाला 'थ्री इनटू ट्वेल्व्ह' ऐकून भागाकार आठवतो. परदेशातल्या क्लायंटशी बोलताना गुणाकाराला 'टाइम्स' म्हणा, एवढी एक सवय फार वाचवते.

हे शब्द काढूनच टाकले तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. युनिक्सची 'सीपी' कमांड आधी 'कुठून' घेते आणि मग 'कुठे'. सी भाषेतलं 'मेमकॉपी' आधी 'कुठे' घेतं आणि मग 'कुठून'. मध्ये ना 'टू', ना 'फ्रॉम'. त्यामुळे अनुभवी माणूससुद्धा शंका आली की माहितीपान उघडून बघतो. क्रमावर विसंबलं की असं होतं. छोटे शब्द त्यासाठीच असतात.

मीटिंगमध्ये ऐकू येणारी आणखी एक जोडी. 'रिप्लेस ए विथ बी' म्हणजे ए गेला, बी आला. 'सब्स्टिट्यूट ए फॉर बी' म्हणजे बी गेला, ए आला. दोन्ही वाक्यांत ए आधी, बी नंतर, आणि अर्थ बरोबर उलटा. ज्यांची ही मातृभाषा आहे तेही 'सब्स्टिट्यूट'मध्ये घसरतात, म्हणून मी तो शब्द कामाच्या मेलमध्ये टाळतेच. मराठीत 'बीच्या जागी ए' म्हटलं की शंका उरत नाही. इंग्रजीत तेच सरळ लिहा: 'रिमूव्ह बी, पुट ए इन इट्स प्लेस.' कुणी हसत नाही.

सरावासाठी एक सोपी गोष्ट, आणि ती मेल पाठवणाऱ्या मित्राला खास. रोजचा तुमचा एक प्रवास घ्या, घर ते कॉलेज. तो आधी मराठीत बोला, 'ऊन', 'ला', 'वरून', 'तून' सगळं मनसोक्त वापरून. घरातून निघालो, जिन्यावरून उतरलो, बोळातून गेलो, पूल ओलांडला, बसमध्ये चढलो, स्टँडला उतरलो. आता प्रत्येक 'ऊन'पाशी थांबून विचारा, वाट की सुरुवात? मग इंग्रजीत बोला: 'आउट ऑव्ह द हाउस, डाउन द स्टेअर्स, थ्रू द लेन, अक्रॉस द ब्रिज, ऑनटू द बस, ऑफ ॲट द स्टँड.' शेवटच्या 'ऑफ ॲट'मध्ये दोन शब्द शेजारी आलेत त्याला घाबरू नका. 'ऑफ' बसवरून उतरण्याचा, 'ॲट' स्टँडच्या ठिपक्याचा. तसंच 'लॉग इन टू द सर्व्हर'चं. तिथे 'इन' हा 'लॉग'चा आणि 'टू' हा सर्व्हरचा, म्हणून ते दोन वेगळे लिहायचे, जोडायचे नाहीत. 'टर्न्ड इनटू अ पेट्रोल पंप' म्हटलं तर मात्र गाडी पंपावर वळली की माणसाचाच पंप झाला, हे इंग्रजीलाही सांगता येत नाही.

प्रवास चार दिवस रोज बोललात की पाचव्या दिवशी तो उलटा बोला, कॉलेज ते घर. 'डाउन'चं 'अप' होईल, 'आउट ऑव्ह'चं 'इनटू' होईल, 'ऑनटू' आणि 'ऑफ' आपापसांत जागा बदलतील. 'थ्रू' आणि 'अक्रॉस' मात्र जिथल्या तिथे राहतील, कारण वाट दोन्हीकडून तीच असते.

वेळेचे 'इन', 'ऑन', 'ॲट' पुढच्या भागात. प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा, मराठीत पाठवले तरी चालतील.